आधी भार, मग भाग

जुनी एटीव्ही घेतली, तिचे इंजिन उघडले, की गॅरेजमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. इंजिन उघडलेच आहे तर आतले सामान जरा भारीतले टाकायचे का? फोर्ज्ड पिस्टन, जाड कनेक्टिंग रॉड, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगा, हेडचे जास्त ग्रेडचे स्टड. मिस्त्रीही म्हणतो, ‘‘दादा, एकदाच खर्च करा, पुन्हा उघडायला नको.’’ वसईच्या पश्चिम पट्ट्यात, भुईगावसारख्या गावात, जिथे वाडीतली माती, सुरूच्या बनातली भुसभुशीत वाळू आणि खारा वारा तिन्ही गाडीच्या वाट्याला येतात, तिथे हा सल्ला पटकन पटतो. गाडीला त्रास जास्त, म्हणून सामान मजबूत हवे. यात चुकीचे काय?

यातला ‘म्हणून’ चुकीचा आहे. कोणता भाग मजबूत करायचा, हे त्या भागावर कोणता भार वाढला यावर ठरते. गाडीला त्रास वाढला म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक भागावरचा भार वाढला असे होत नाही. हा एकच मुद्दा नीट उलगडला तर कुठे खर्च करायचा आणि कुठे हात आवरायचा, हे आपोआप कळू लागते.

इंजिनातल्या हलत्या भागांवर मुख्यतः दोन प्रकारचे जोर येतात. पहिला जोर जळणाऱ्या वायूचा. पेट्रोल-हवेचे मिश्रण पेटले की वाढलेला दाब पिस्टनला खाली ढकलतो आणि रॉड दाबला जातो. हा जोर पिस्टनच्या माथ्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असतो. समजा ५७ मिलिमीटरचा बोअर वाढवून ६० केला. दाब तोच राहिला तरी पिस्टनवरचा जोर सुमारे ११ टक्क्यांनी वाढतो, आणि हेडला वर उचलणारा जोरही साधारण तेवढाच. म्हणून बोअर वाढवलेल्या गाडीत हेडचे पॅकिंग आधी फुंकते.

दुसरा जोर पिस्टनच्या स्वतःच्या वजनाचा. पिस्टन वर जातो, क्षणभर थांबतो, खाली येतो, पुन्हा थांबतो. त्याला थांबवायचे आणि उलट दिशेला ओढायचे काम रॉड करतो. हा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मिनिटाला ८००० फेऱ्यांवरून १०,००० वर गेलो की फेऱ्या पंचवीस टक्केच वाढतात, पण हा जोर ५६ टक्क्यांनी वाढतो. शिवाय तो सर्वांत घातक कधी ठरतो, हे पाहण्यासारखे आहे. स्फोटाच्या वेळी नव्हे. जळका वायू बाहेर गेला आहे, पिस्टन माथ्यावर पोचला आहे आणि आता हवा ओढायला खाली यायचे आहे, त्या वेळी. तेव्हा पिस्टनच्या माथ्यावर त्याला खाली दाबणारा दाब जवळजवळ नसतो, आणि सगळी ओढ एकट्या रॉडवर येते. धातूला दाबापेक्षा ताण सोसणे अवघड जाते, आणि तोच ताण मिनिटाला हजारो वेळा येत राहिला की एखाद्या बारीक ओरखड्यापासून तडा सुरू होतो. फेऱ्या वाढवल्यावर रॉड तुटतात ते बहुधा असे.

आता भुईगावातली एक गाडी डोळ्यांसमोर धरू. मोटरसायकलचे १५० सीसीचे हवेने थंड होणारे इंजिन, मागे सलग एक्सल, चार रुंद टायर, पाइपांची चौकट. अशा देशी एटीव्ही आपल्याकडे बऱ्याच बनतात. मोटरसायकलवर हेच इंजिन एक-दोन माणसे आणि दीडशे किलोच्या आसपासचे धूड ओढत होते. आता गाडीचे वजन वाढले, टायर रुंद झाले, आणि खाली डांबराऐवजी वाळू आली. इंजिन धापा टाकू लागते. बघणाऱ्याला वाटते, रॉड-पिस्टनवर केवढा लोड आलाय!

रॉड-पिस्टनवर नवा लोड आलेला नसतो. पूर्ण थ्रॉटलला, त्या फेऱ्यांना, सिलिंडरमध्ये जितके हवा-पेट्रोल मावते त्यातून निघणाऱ्या दाबापेक्षा जास्त दाब इंजिन तयार करूच शकत नाही. तेवढा दाब सोसायला कंपनीने ते बनवलेलेच असते. मागे शंभर किलो जास्त बांधले म्हणून स्फोट मोठा होत नाही. बदलते ते वेगळेच. मोटरसायकल पूर्ण थ्रॉटलला काही सेकंद असते, मग वेग मिळतो आणि आपण हात सोडतो. वाळूतली एटीव्ही दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलला मिनिटेच्या मिनिटे असते. शिवाय वेग इतका कमी की सिलिंडरच्या पंखांवरून वारा वाहत नाही. म्हणजे जोराचा आकडा तोच राहतो, पण तो सोसण्याचा काळ वाढतो आणि उष्णता बाहेर जायची वाट आखडते.

ही एक गोष्ट ध्यानात आली की खर्चाची दिशाच बदलते. या गाडीला जाड रॉड टाकून काही मिळणार नाही. तिला हवा आहे पुढच्या आणि मागच्या स्प्रॉकेटचा बदललेला मेळ, म्हणजे इंजिन आपल्या सोयीच्या फेऱ्यांवर राहील आणि क्लच अर्धवट धरून गाडी ओढावी लागणार नाही. तिला हवा आहे सिलिंडरवर वारा मारणारा पंखा किंवा लहानसा ऑइल कूलर. तिला हवेत चांगल्या क्लच प्लेटा, कारण वाढलेल्या वजनाचा पहिला बळी क्लच असतो. तो घसरतो, तापतो, आणि त्याची जळकी भुकटी इंजिनाच्याच तेलात उतरते. तेल बदलायचा काळ मोटरसायकलच्या किलोमीटरवर मोजून चालणार नाही, तासांवर मोजावा लागेल. जेमतेम लिटरभर तेल असते या इंजिनात. तेच वंगण, तेच बरेचसे थंड करणारे.

फोर्ज्ड पिस्टनचा मोह इथे बाजूला ठेवायला हवा. ‘फोर्ज्ड म्हणजे जास्त टिकाऊ’ असे सरसकट मानले जाते. शर्यतीचे बरेचसे फोर्ज्ड पिस्टन २६१८ या मिश्रधातूचे असतात. तो चिवट असतो, अवेळी स्फोटाचे धक्के सोसतो. पण तापल्यावर जास्त फुगतो, म्हणून बोअरमध्ये त्याला जास्त मोकळीक द्यावी लागते. थंड इंजिनात तो खडखडतो, आणि रिंगांच्या खाचा त्यात लवकर झिजतात. जास्त सिलिकॉनचा साधा ओतीव पिस्टन कमी फुगतो, घट्ट बसतो आणि साध्या वापरात वर्षानुवर्षे चालतो. शर्यतीच्या इंजिनाचे आयुष्य वेगळ्या हिशेबाने मोजतात; वाडीतल्या गाडीला तो हिशेब लावायचे कारण नाही.

रॉडच्या बोल्टांचीही तीच गत. मोटारींच्या इंजिनांविषयी वाचून काही जण रॉडचे बोल्ट बदलायचे म्हणतात. आपल्या बहुतेक एकसिलिंडर मोटरसायकलींत रॉडला बोल्टच नसतात. क्रँक दोन तुकड्यांचा असतो, मधली पिन प्रेसने दाबून बसवलेली, आणि रॉडचा खालचा डोळा अखंड, आत रोलर बेअरिंग. तिथे मजबुतीचा प्रश्न बेअरिंगच्या झिजेचा आणि क्रँक सरळ बसवण्याचा असतो. दोन तुकडे जुळवताना शतांश मिलिमीटरांचा वाकडेपणा राहिला तर कितीही भारी रॉड टाका, मुख्य बेअरिंग ओरडू लागणार.

मग आतले सामान बदलायची वेळ येते कधी? याचे फार स्वच्छ उदाहरण आपल्याकडे आहे. बाहा एसएईइंडिया या स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः एटीव्ही बनवतात. २००७ मध्ये इंदूरजवळ पिथमपूरला तिची सुरुवात झाली. मूळ अमेरिकेतली स्पर्धा १९७६ ची. पुण्याच्या सीओईपीपासून महाराष्ट्रातली कितीतरी महाविद्यालये तिच्यात उतरत आली आहेत. अनेक वर्षे सर्व संघांना एकच इंजिन असे, ब्रिग्स अँड स्ट्रॅटनचे १० हॉर्सपॉवरचे, ३०५ सीसीचे, मूळचे शेती-बागकामाच्या यंत्रांच्या घराण्यातले. त्याच्या फेऱ्या गव्हर्नरने ३८०० च्या आसपास बांधलेल्या, आणि नियम असा की इंजिनाच्या आत हात घालायचा नाही. शेवटी चार तासांची एंड्युरन्स शर्यत, खड्डे, दगड, चिखल. तिथे गाड्या थांबतात त्या बहुतेक एक्सल, जॉइंट, सस्पेन्शनचे हात, चेन, वेल्डिंग यांपायी. जसेच्या तसे ठेवलेले साधे इंजिन बहुधा चालूच असते. आतला भार ठरलेला आहे, त्यामुळे आतले सामान पुरते. बाहेरचा भार वाढला आहे, त्यामुळे बाहेरचे सामान तुटते.

आता त्याच जातीच्या इंजिनाचा गव्हर्नर काढला तर? छोट्या कार्टची हौस असणारे परदेशात हे करतात. ३८०० वरून ५५०० फेऱ्यांवर गेले की रॉडवरची ओढ दुपटीहून जास्त होते. या इंजिनांत रॉड बहुधा ओतीव ॲल्युमिनियमचा असतो, आणि ॲल्युमिनियमला पोलादासारखी थकव्याची सुरक्षित मर्यादा नसते. पुरेशा वेळा ताण आला की लहान ताणानेही ते कधीतरी तडकते. त्यात फ्लायव्हील ओतीव. ते जास्त फेऱ्यांना फुटले तर तुकडे चालवणाऱ्याच्या पायांकडे येतात. म्हणून अनुभवी माणसे गव्हर्नर काढायच्या आधी रॉड आणि फ्लायव्हील मशीनवर कापलेले, घन धातूचे बसवतात. इथे हार्डवेअर बदलणे हौसेचा भाग राहत नाही. फेऱ्या वाढवायच्या असतील तर ती अट आहे, आणि ती पाळायची नसेल तर फेऱ्या वाढवू नयेत.

याच इंजिनातली एक छोटी वस्तू जवळून बघावी. फ्लायव्हील क्रँकवर निमुळत्या टोकावर नटाने आवळलेले असते आणि त्याची दिशा धरायला एक बारीक किल्ली असते. गवतकापणीच्या यंत्रांत ही किल्ली मुद्दाम मऊ धातूची करतात. पाते दगडावर आपटून इंजिन एकदम अडले की किल्ली कापली जाते, ठिणगीची वेळ सरकते आणि ते बंद पडते. चिमूटभर धातू गेला, क्रँक वाचला. आता कोणी म्हणाले, ही सारखी तुटते, पोलादाची टाकू, तर पुढच्या धक्क्याला किल्ली टिकेल आणि क्रँक वाकेल. कोणताही एक भाग मजबूत केला की मोडण्याची जागा नाहीशी होत नाही, पुढे सरकते. ती सरकून कुठे जाईल, हे माहीत असल्याशिवाय मजबूत करू नये. कडक व्हॉल्व्ह स्प्रिंगांचेही असेच: जास्त फेऱ्यांना व्हॉल्व्ह तरंगू देत नाहीत हे खरे, पण फेऱ्या तेवढ्याच ठेवल्या तर त्या कॅम आणि रॉकर फुकट घासतात.

भुईगावच्या बाबतीत मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती वाळूची आणि मिठाची, कारण हे दोन भार कुठल्याही सामानाच्या यादीत दिसत नाहीत. वाळूतल्या क्वार्ट्झची कठीणता मोहच्या मापावर ७. काळ्या पाषाणातून झिजून आलेले फेल्डस्पारचे कण ६ च्या आसपास. सिलिंडरची बाही आणि पिस्टन याहून मऊ. तेलाचा थर काही मायक्रॉनचा, आणि डोळ्यांना न दिसणारा कण त्याहून मोठा. एअर फिल्टरचे रबर एका बाजूने नीट बसले नसेल, तर तिथून आत जाणारी धूळ रिंगा आणि बोअर असे घासते की काही तासांत निळा धूर सुरू होतो. अशा गाडीत भारी पिस्टन टाकला तर तोही तितकाच घासला जाईल. फोमचा फिल्टर, त्याला लावायचे खास तेल, त्याच्या काठाला ग्रीस, आणि फिल्टरची पेटी सीटखाली उंचावर. इंजिनाचा श्वासनळा, म्हणजे ब्रीदर, वरपर्यंत नेलेला, नाहीतर ओढ्याचे किंवा भरतीचे पाणी तेलात जाऊन तेल दुधाळ होते. या कामाला पैसे फार लागत नाहीत. विश्वासार्हतेचा मोठा वाटा मात्र यातच आहे.

मिठाचा प्रश्न नट-बोल्टांत दिसतो. किनाऱ्यावरची माणसे गंजाला कंटाळून सगळीकडे स्टेनलेसचे चकचकीत बोल्ट घालतात. नेहमीचा ए२-७० स्टेनलेस बोल्ट ताणाला ७०० मेगापास्कलचा, साधा ८.८ ग्रेडचा पोलादी बोल्ट ८०० चा. म्हणजे चकाकी वाढली, ताकद उतरली. त्यापुढची गोष्ट आणखी वाईट. इंजिनाची खोळ ॲल्युमिनियमची, बोल्ट स्टेनलेसचा, आणि मध्ये खारा दमटपणा; या जोडीत खायला निघते ते ॲल्युमिनियम. आट्यांत पांढरी पूड धरते आणि एक दिवस बोल्टाबरोबर खोळीचे आटेच बाहेर येतात. दुसऱ्या टोकाला जाऊन १२.९ ग्रेडचे अतिकडक बोल्ट घालणेही बरे नव्हे. इतके कडक पोलाद गंजताना किंवा मुलामा चढवताना हायड्रोजन शोषून ठिसूळ होते, आणि काही दिवस ठीक दिसलेला बोल्ट जागच्या जागी तुटतो. हेड आणि खोळीसाठी कंपनीने दिलेला ग्रेड, जस्ताचा मुलामा असलेला, बोल्ट गंजू लागला की बदललेला, हाच समुद्राकाठचा खरा अपग्रेड.

हेडचा स्टड आवळणे हे काम मला सामानाच्या निवडीपेक्षाही महत्त्वाचे वाटते. स्टड हेडला धरून ठेवतो तो ताणला गेल्यामुळे. पाना फिरवताना आपण जो जोर लावतो त्यातला साधारण नव्वद टक्के नटाखालच्या आणि आट्यांतल्या घर्षणात जातो. जेमतेम दहा टक्के स्टडला ताणतो. आता आट्यांना तेल लावून कोरड्या आट्यांसाठी दिलेल्या आकड्यावर टॉर्क रेंच लावला, तर घर्षण घटते आणि ताण कितीतरी जास्त बसतो. आटे मळलेले असतील तर उलट: रेंच टकटक करतो, आणि स्टड ढिलाच. एकाच हेडचे चार स्टड चार वेगळ्या ताणांवर बसले की पॅकिंग फुंकते, आणि दोष जातो स्टडच्या ग्रेडला. आटे ब्रशने साफ करायचे, वायसर सपाट आहे ना बघायचे, कंपनीने तेल म्हटले असेल तर तेल, कोरडे म्हटले असेल तर कोरडे, आणि आकडा दोन-तीन टप्प्यांत, तिरकस क्रमाने गाठायचा. खोळीतले आटे गेले असतील तर तिथे पोलादी हेलिकॉइल बसवावी. ॲल्युमिनियमच्या मूळ आट्यांपेक्षा ती जागा बऱ्याचदा जास्त पक्की होते. हा एक अपग्रेड मी बिनदिक्कत सुचवेन.

इंजिन उघडले आहेच, तर काही गोष्टी बदलाव्यातच, पण मूळ जातीच्या: पॅकिंग, ऑइल सील, पिस्टन पिनच्या सर्क्लिप, व्हॉल्व्हचे सील, ताणलेली टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर. जुनी सर्क्लिप पुन्हा वापरून वाचलेले पैसे, ती निसटली तर, ब्लॉकवर खर्च होतात.

पेट्रोलकडेही बघायला हवे. देशभर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या कार्बोरेटरच्या त्याच जेटवर मिश्रण पातळ होते. पूर्ण थ्रॉटलला वाळूत ओढणाऱ्या हवाथंड इंजिनाला पातळ मिश्रण म्हणजे आणखी उष्णता, आणि पिस्टन अडकण्याचे ते एक नेहमीचे कारण. मेन जेट एक नंबर मोठा करून प्लगचा रंग बघणे, जुने रबरी नळे आणि फ्लोटच्या पेटीची रिंग बदलणे, हे काम फोर्ज्ड पिस्टनच्या किमतीच्या तुलनेत काहीच नाही.

कोणाला खरोखरच ताकद वाढवायची असेल, मोठा बोअर, वेगळा कॅम, जास्त फेऱ्या, तर मग भारी सामान घ्यावे, आणि पूर्ण साखळी घ्यावी. फेऱ्या वाढवायच्या तर रॉड, क्रँकपिनचे बेअरिंग, व्हॉल्व्ह स्प्रिंगा आणि टायमिंग चेन एकत्र. दाब वाढवायचा तर हेडचे स्टड, पॅकिंग, थंड करण्याची सोय आणि पेट्रोलचा ऑक्टेन एकत्र. त्यातले अर्धेच घ्यायला पैसे असतील तर ताकद वाढवू नये, आहे ते इंजिन कंपनीच्या मापाला आणावे. आणि अशी गाडी रस्त्यावर आणायची नाही, हेही गृहीत धरावे: वाहनाच्या मूळ रचनेत फेरफाराला मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ अटकाव करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे.

ऑर्डर देण्याआधी मोजावे. वालीव-सातिवलीच्या औद्योगिक वसाहतींत लेथ आणि मशिनिंगची लहान वर्कशॉपे पुष्कळ आहेत. बोअर गेजने सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, दोन दिशांनी मोजून घ्यावा. कुठे अंडाकृती झालाय, कुठे निमुळता, ते कळते. वरच्या टोकाला झीज जास्त आणि ओरखडे उभे असतील तर धूळ आत गेली आहे, आणि पहिला खर्च फिल्टरच्या पेटीवर. पिस्टनच्या पोटावर चारही बाजूंनी ओढल्याच्या खुणा असतील तर तापून अडकला होता; जेट आणि वारा बघा. रॉड वर-खाली हलवल्यावर त्याचा खालचा डोळा जाणवण्याइतका वाजत असेल तर बेअरिंग गेले, बहुतेक तेलापायी. जुळवाजुळव झाल्यावर पहिले तेल काही तासांतच काढावे, पांढऱ्या फडक्यातून गाळावे आणि चुंबक फिरवावा. चुंबकाला न चिकटणारी चंदेरी चमक पिस्टनची, चिकटणारी रिंगांची, गिअरची किंवा बेअरिंगची, काळा गाळ क्लचचा. दुसऱ्या वेळी काढलेल्या तेलात हीच भुकटी कमी दिसली तर इंजिन बसते आहे. कमी न होता एकाच जातीची वाढत असेल, तर पुढे कोणता भाग उघडायचा, त्याचे नाव त्या फडक्यावर आलेले असते.